पाणबुड्या, कांदा, उशीर

डब्यातून तीन चिठ्ठ्या निघाल्या:
पाणबुड्या. कांदा. उशीर.
मिलारायने स्टायलस चावला.
वाल्दिव्हियात नदीवर धुकं, खिडकीखाली
समुद्रसिंह मासळीवालीवर भुंकत होते.

पहिल्या रात्री पाणबुड्या उभा राहिला,
मुठीत कांदा, मनगटावर घड्याळ.
उलिसेस म्हणाला, "उजेड नक्की कुठून येतोय?
तुझ्या समुद्रात दोन सूर्य आहेत.
आणि हा हात आहे की केळ्यांचा घड?"

तिने एक सूर्य पुसला.
हात पाचदा रेखला, पाच लेयर,
सहाव्यांदा स्वतःचाच हात दिव्याखाली धरून.
घड्याळही पुसलं; उशीर मग
त्याच्या खांद्यांत आपसूक उतरला.

पाव आणायला खाली गेली तेव्हा
एदुविनाने खवलं चिकटलेल्या बोटाने
चित्र मोठं केलं, बराच वेळ पाहिलं.
"माझा भाऊ शिंपल्यांसाठी उतरायचा.
कमरेला शिसं लागतं, बाई,
नाहीतर हा वर तरंगेल."
मग, मासा कापता कापता:
"पाण्याखाली कांदा चिरला
तर डोळ्यांना कळतं?"

मिलारायने शिशाचा पट्टा रंगवला, राखाडी, जड.
पाणबुड्याचे पाय वाळूला टेकले.

केळ्यांच्या हाताचा तो लेयर
पुसला नाही तिने.
नुसता त्याचा डोळा मिटला.