थांब, थांब, थांब

खेळात चित्र नाही. फक्त अक्षरं, आणि खाली
लुकलुकणारी एक उभी रेघ.
पापाच्या तिकटीला मी एक दुकान मांडलं,
त्यात दस्तगीर बसवला, हातात कानस दिली,
सतरा विषय त्याच्या तोंडी लिहिले:
कुलूप, किल्ली, पेटी, पेटीतलं पत्र,
पंचगंगेचं पाणी कुठवर आलंय, वगैरे.
अठरावं काही विचारलं की म्हणायचा,
‘मला हे समजलं नाही.’

खरा दस्तगीर सातला दुकान आवरतो.
किल्ल्यांच्या डब्यावरच लॅपटॉप ठेवला.
एका बोटानं, अक्षर शोधत, त्यानं लिहिलं:
जेवलास काय
मला हे समजलं नाही.
तो हसला नाही. चष्मा वर सरकवला.
‘एवढं बी समजत न्हाई,
आणि कुलपं उघडतोय व्हय ह्यो?’

मी म्हटलं, अडलं तर ‘मदत’ लिहायचं,
सगळ्या आज्ञांची यादी येते.
बघ. घे. विचार. दाखव. उत्तरेला जा.
‘उत्तरेला?
चाळीस वर्सं हितं बसलोय,
उत्तरेला जाणारं गिऱ्हाईक बघितलं न्हाई.
गंगावेशीकडं जात्यात, न्हाईतर देवळाकडं.
आणि मदत कोण मागतंय गं तोंडानं?
माणूस येतो. उभा राहतो. कानशीकडं बघतो.
आपण लगेच वर बघायचं न्हाई.
तिसऱ्यांदा पाय बदलला की म्हणायचं,
काय हरवलं?’

त्या रात्री राजारामपुरीत, आठव्या गल्लीत,
मी यादी पुसली.
खेळणारा तीनदा ‘थांब’ म्हणाला
आणि काहीच विचारलं नाही,
तर दस्तगीर आपणहून बोलतो.
मध्येच कुणी ‘पळ’ लिहिलं
तर मोजणी पुन्हा शून्यावर.

एक राहिलंच. निघताना मी विचारलं होतं,
आणि जे तुम्हाला ठाऊकच नाही, ते?
अर्धं शटर ओढून म्हणाला,
‘त्यात काय! ठावं न्हाई म्हणायचं,
आन् म्होरं बसाप्पा पानवाल्याला इचार म्हणायचं.
मोकळ्या हातानं कुणाला लावून देऊ नये.’

आता दोन वाजलेत.
पानपट्टी उभी राहिली आहे.
बसाप्पाला नऊ विषय येतात,
दहाव्याला तो बोट दाखवतो
वरच्या मजल्यावरच्या टेलरकडे,
आणि टेलरला अजून तोंड नाही,
नुसता एक मोकळा कंस.

उद्या भावाची एक पँट
आखूड करायला नेते.