एक, तीन, चार, दोन

एकोणीस वर्षं ती बर्कटांच्या गोठ्यात उभी होती,
कर्बी स्टीफनच्या वरच्या अंगाला.
मागच्या बाकावर कोंबड्यांनी संसार मांडलेला,
हीटरच्या नळीत गवत,
आणि डॅशबोर्डच्या फळीवर कोकरांना दूध पाजायचं
एक रबरी बोंड, वाळून दगड झालेलं.
नऊशे पौंड मोजले.
नवरा म्हणाला, एवढ्यात सोफा आला असता.

एडविन बर्कटने ट्रॅक्टरने ओढून दारात आणून सोडली.
"भावाची होती," एवढंच म्हणाला.
मग दर शनिवारी येऊ लागला,
कधी पान्हा घेऊन, कधी नुसताच.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण म्हणतो.
कुठे, ते कळायला इथे एक हातोडी पुरली.
चासीवर टकटक करत गेले:
टण, टण, टण,
थप्.
बोट आत गेलं, चहातल्या बिस्किटात जावं तसं.
कातडी अ‍ॅल्युमिनियमची, तिला गंज ठाऊक नाही.
हाडं लोखंडाची.

वेल्डिंग शिकले. आधी दोन स्वेटर जाळायला शिकले.
नट गोल झालेले, बोल्टांचे आटे गेलेले,
एकेक सुटेपर्यंत
इचलकरंजीच्या सगळ्या शिव्या वापरून झाल्या.
एडविनला त्या ऐकू आल्या नाहीत.
त्याला तसंही फार काही ऐकू येत नाही.

मी पेनरिथला लोकांचे कान तपासते.
आवाज आला की बटण दाबा, म्हणते.
एडविनला चारदा म्हटलं, ये एकदा.
म्हणाला, मेंढ्यांनी अजून नवीन काही सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये इंजिनाने जीव धरला.
आधी खोकलं,
मग काळा धूर, मग धुरातून कोंबडीचं एक पीस.
प्लग घासले, पॉइंट पंधरा थाऊवर, टॅपेट दहावर,
तरी चाल लंगडी.
मी मागांच्या खडखडाटात वाढलेली.
एखादा धोटा अडला की आत्या झोपेतून उठायची;
चाळिशीत ठार बहिरी झाली,
तरी उठायचीच.
पायांना कळतं, म्हणायची.

लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी धरली,
टोक इंजिनाला टेकवलं.
सगळं ऐकलं. काही सापडलं नाही.
कार्बोरेटरचा कान पिळला, सोडला,
उलटा पिळला.

एडविनने चहाचा मग मडगार्डवर ठेवला
आणि चहाकडे बघत राहिला.
वलयं उठत होती, मधेच एक विस्कटत होतं.
मग मग उचलून त्या जागी तळवा ठेवला.
"यान," तो म्हणाला. "टेदरा. मेदरा."
आणि गप्प.
इथली म्हातारी माणसं मेंढ्या मोजायची, ते आकडे.
पण मोजायचा क्रम हा नव्हे.
हा ठिणगीचा:
एक, तीन, चार, दोन.
"टान येत नाहीये," तो म्हणाला.

अंधार पडल्यावर बॉनेट उघडून पाहिलं.
दोन नंबरची वायर उंदराने कुरतडलेली,
ठिणगी सिलिंडरपर्यंत जातच नव्हती,
ब्लॉकवरच निळी निळी उडत होती.
वायर बदलली. चाल सुधारली.
तळव्याला कसं कळलं, मी मोठ्याने विचारलं, दोनदा.
"लॉरेन्सच्या वेळीही," तो म्हणाला,
"तोच दडी मारायचा."

रविवारी आम्ही तिला डोंगरावर नेली,
लो गिअरमध्ये, गुडघाभर चिखलातून.
पहिल्या फाटकाशी तो न सांगता उतरला;
उतरणं त्याचं असणार,
चालवणं दुसऱ्याचं.
फाटक उघडलं, मी गाडी आत घेतली, त्याने लावलं.
पण चढला नाही.
मडगार्डवर हात ठेवून उभा राहिला, तोंड खालच्या दरीकडे.
मी विचारलं, बंद करू का?
त्याला ऐकू आलं नाही.
मी चालूच ठेवली.