ओल

ऐरोलीत, सेक्टर पाचमधल्या सिडकोच्या घरात
तीन वर्षं माझ्या डोक्यावर एक डाग वाढत होता.
आधी लिंबाएवढा, मोरीच्या कोपऱ्यात.
मग भाकरीएवढा.
मग त्याला फाटे फुटले
आणि तो निघाला स्वयंपाकघराकडे.

मी स्टुलावर चढून
त्याच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायचो. शेजारी तारीख.
बत्तीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात
दुसऱ्यांनी घडवलेल्या वस्तू मोजल्या मी,
केसाएवढा फरक दिसला तरी लाल खडू.
सवय जात नाही.

मार्था खालून स्टूल धरायची.
म्हणाली एकदा, "एस्तेरची उंची
अशीच मांडायचात तुम्ही दाराच्या चौकटीवर."
मी म्हणालो, "घट्ट धर."

फाइल केली. फोटो, सोसायटीला पत्रं, पोच.
वरच्या मोकाशींनी एकाचंही उत्तर दिलं नाही.
रविवारी शाळेच्या हॉलमध्ये उपासना,
फळ्यावर शनिवारचे अपूर्णांक तसेच,
आणि पाळक ओहोळ सांगत होते
कृपेत वाढण्याबद्दल.
मी मान डोलावत होतो
आणि मनात पत्राचा पाचवा मुद्दा जुळवत होतो.

बाप्तिस्मा झाला तेव्हा सतरा वर्षांचा होतो.
वाटलं होतं, आता वर्षाला बोटभर तरी वाढेन.
पण पाठ टेकून उभं राहायला
अशी चौकट कुणी दाखवली नाही.

नोव्हेंबरात एका रात्री टपटप सुरू झाली.
अडीच वाजले होते. फाइल घेऊनच वर गेलो.
दार मोकाशींनीच उघडलं, बनियनवर,
कोपरापर्यंत फेस.
मागे खुर्चीत त्यांची आई, टॉवेलात गुंडाळलेली,
चिमणीएवढी.
"कोण आलंय रे?"
"खालचे, आई."
मग माझ्याकडे वळून, "तिसरी चादर आजची."
माफी नाही, गाऱ्हाणं नाही,
वेळ सांगावी तसं.

मी फाइल चपलांच्या रॅकवर ठेवली
आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.
त्यांनी डावीकडे पीळ दिला, मी उजवीकडे.
पाणी पडलं मोरीत, भरपूर.
तिथून ते कुठे जाणार
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

इथेच गोष्ट संपली असती तर बरं होतं.
सकाळी छत पाहून मी पुन्हा चिडलो.
मार्थावर, चहावर, ओल्या माचिसवर.
मंगळवारी पुन्हा.
फक्त फाइल आणायला गेलो नाही.
रोज ठरवायचो, उद्या जाऊ.

मग एका संध्याकाळी आम्ही
दिवा कोळीवाड्याकडून खाडीवर गेलो.
भरती उतरत होती, चिखलाला वास.
मार्थाने तिवराचं पान तोडलं,
"चाटून बघा."
खारट.
"पितं खारंच," ती म्हणाली,
"आणि मीठ असं पानातून बाहेर टाकत राहतं."
"रोज?"
"मग? खाडी काय गोड होणार आहे?"
मी पान खिशात ठेवलं. घरी येईपर्यंत चुरगळलं.

परवा डाग जुन्या रेषेच्या बाहेर गेला,
चांगला बोटभर.
मार्था बाजारात होती, म्हणून स्टूल भिंतीला टेकवून चढलो.
हात लावला. गार होतं.
वर बादलीचा आवाज,
आणि मोकाशी आईला सांगत होते,
"झालं हं, झालंच, आता पाय तेवढे."

किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे,
हात वर, छताला टेकलेला,
सभेत आशीर्वादाच्या वेळी पाळकांचा असतो तसा,
फक्त उलटा.
मान दुखायला लागली तेव्हा उतरलो.

तारीख घातली नाही.
पेन्सिल मात्र कानावरच आहे.
टाकवत नाही अजून.