गोल्ड

एकतिसावी रांग, आईलची सीट.
फिनोला सगळ्यांच्या आधी विमानात चढली.
कार्डाचा मान.
म्हणजे अवघडून बसायची
वीस मिनिटं जास्त.

लाउंजमधलं सूप अजून जिभेवर आहे,
पर्समध्ये तिथलीच दोन बिस्किटं, रुमालात गुंडाळलेली.
क्रूमधली पोरगी वाकून म्हणते, "वेलकम बॅक, मिस टियरनी,"
आणि पाण्याची एक बाटली जास्तीची देते,
चारचौघांदेखत.
गुडघे पुढच्या सीटला टेकलेलेच.
त्यांना कुणी कार्ड दाखवायचं?

डब्लिनलाच अमेरिकेच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं होतं:
प्रवास कशासाठी?
"खरेदी," ती म्हणाली.
खरं तर डिसेंबर सरत आलाय
आणि गोल्ड टिकायला चाळीस पॉइंट कमी पडतायत.
बॉस्टनला उतरायचं,
एक कॉफी,
त्याच संध्याकाळी परत.

खिडकीशी केरीचा म्हातारा मेंढपाळ.
पहिलंच विमान. बूट पॉलिश केलेले.
पट्टा कसा लावायचा ते तिनं दाखवलं,
मग, त्यानं न विचारताच, ट्रे कसा उघडायचा तेही.
पणतीचा बाप्तिस्मा आहे, तो म्हणाला.
"तुझं कोण असतं तिकडे?"

समोरच्या पडद्यावर इवलंसं विमान
निळ्या रंगात रुतून बसलेलं.

तिनं रुमाल सोडला,
एक बिस्किट त्याच्यापुढे धरलं.
"नाव काय ठेवतायत मुलीचं?"
अजून ठरत नाहीये, तो म्हणाला, घरात भांडणं चाललीयत.

मग दोघं नावं सुचवत बसली,
पार ग्रीनलंडच्या खालपर्यंत.