तेरा मिलिमीटर

मे महिन्यात धुळ्याच्या लॅबमध्ये
इनक्युबेटरच तेवढा थंड, बाहेरच्यापेक्षा.

ताटलीत जंतूंनी पिवळसर साय धरलीय.
सहा औषधांच्या सहा टिकल्या,
सहाहींना खेटून वाढलेत, बिनधास्त.
नमुना : धुडकू भामरे, खाट अकरा, पायाची जखम.

धुडकू.
आधीची तीन गेली म्हणून
उकिरड्यावर लोळवून ठेवलेलं नाव,
मरणानं ढुंकूनही बघू नये असं.

सातवी टिकली मी लावली, कुणाला न विचारता :
लवंगेचं तेल.
आदल्या दिवशी अमळनेरला कांडपावर गेले होते,
काळ्या मसाल्याचा ठसका अजून घशात,
एवढंच कारण.

सकाळी तिच्याभोवती
सारवल्यासारखं गोल, रिकामं अंगण.
पट्टी लावली. तेरा मिलिमीटर.
पुन्हा लावली.

सर म्हणाले, भदाणे,
ताटलीत मरतं ते माणसात मरेलच असं नाही.
खरंय.
वहीत पेन्सिलीनं लिहिलं, खोडता येईल असं.

दाराशी त्याची बायको :
"काय ऊनं वं माय, रिपोटमा?"
बघतोय, म्हटलं.

संध्याकाळी ताटल्या ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या.
वाफेला, मलाच बहुतेक,
शेवभाजीचा वास आला.