डंक

अकरा दिवस डंक बंद आहे
तरी शुक्रवार पेठेतल्या त्या बोळातून
जाणारा माणूस अजून शिंकतो.
भिंतींची सवय लवकर सुटत नाही.

राजमती बाबगोंडा मगदूम.
एवढं लांब नाव फक्त लाईटबिलावर.
गिऱ्हाइकांना राजाक्का,
आईला आई, मला आज्जी,
आणि होळीपासून पहिल्या वळवापर्यंत
कुणाचीच कुणी नाही,
नुसता एक लाल हात
डब्यात चटणी दाबून भरणारा.

कांदा-लसूण तिनं जन्मात तोंडात घातला नाही.
दिवे लागायच्या आत जेवणारी, पाणी गाळून पिणारी बाई,
आणि उभा जन्म
लोकांची कांदा-लसूण चटणी कुटण्यात गेला.
बस्तीत कुणीतरी एकदा विचारलंच,
राजाक्का, ह्याचं पाप कुणाच्या खात्यावर?
"मोटारीच्या," म्हणाली
आणि चप्पल शोधायला लागली.

चाखायचं नाही, म्हणून मीठ ती वासावर ओळखायची.
चिमूट नाकाशी धरायची, डोळे मिटायची,
"सरनोबतांच्यात मीठ कमी पडलंय. मूठभर घेऊन या जावा."
मिठाला वास असतो का?
मी शाळेत विचारलं. नसतो, म्हणाले सर.
सरांच्या घरची चटणीही
आमच्याच डंकावर होत होती.

डंकावर सगळेच रडतात.
सासुरवाशिणी तर मुद्दाम थांबायच्या,
आपली घाण झाली तरी दुसरीच्या मिरच्या निवडत,
मनसोक्त नाक ओढत.
आजोबा गेले ते ऐन चैत्रात.
चौथ्या दिवशी आज्जीनं पट्टा चढवला,
बाहेर डब्यांची रांग होती.
आई तेव्हा बारा वर्षांची, तिला पक्कं आठवतं,
त्या दिवशी सकाळपासून नुसती ब्याडगी होती.
ब्याडगी रंग देते.
एवढी झोंबत नाही कुणाला.

काल तिची उधारीची वही सापडली.
माणसांची नावंच नाहीत त्यात.
कानतुटका डबा, चार किलो.
झाकणाला दोरी, दोन किलो, खोबरं आमचं.
वांगी रंगाचा डबा, बाकी साठ.
आम्ही हसत होतो, आई आणि मी,
तेवढ्यात एक म्हातारा रिक्षावाला दारात आला,
खिशातून साठ रुपये काढले.
"वांगी डबा आमचा," म्हणाला.
चहा नको म्हणाला. बराच वेळ
मोटारीकडं बघत उभा राहिला.

आमच्याकडं बायकाही
आलो, गेलो, खातो, बसतो म्हणतात.
पुण्याच्या होस्टेलवर पोरी हसल्या, तेव्हा
आठवड्यात मी आले-गेले शिकले.
सुट्टीला आले, आणि परत निघताना उंबऱ्यात म्हणाले,
"येते आज्जी."
तिनं चष्म्यावरून बघितलं.
"कोण येते?"
मी ओशाळले. तिनं पुढं काही विचारलं नाही,
पिशवीत चटणीचा पुडा कोंबला,
त्यावर वर्तमानपत्र, त्यावर आणखी एक,
कपड्यांना वास लागू नये म्हणून.
लागायचाच.

शेवटच्या फोनवर बोलली ते एवढंच.
"जेवलो. पाय दुखालेत. पडतो जरा."

आज दुपारी तळाशी उरलेली चिमूटभर चटणी
मी नाकाशी धरली, डोळे मिटले.
मीठ कमी की जास्त, काही कळलं नाही.
नाकातून पाणी तेवढं आलं.

आईनं मेन स्विच पाडला.
दोघींनी मिळून शटर ओढलं, ते नेहमीसारखं
मध्येच अडकलं,
तिच्यासारखी खालून लाथ घालावी लागली.
कुलूप लावून मी म्हणालो,
"येतो गं, आज्जी."

आईनं वळून बघितलं माझ्याकडं.
मग दोघी शिंकलो.