दोन रेघा

गंगापूर रोडच्या आमच्या कॉलेजात, तळमजल्यावर, जिन्याखाली
एक खोली आहे, जिच्या भिंती मुद्दाम काळ्या रंगवल्यात.
एकतीस वर्षं तिची किल्ली माझ्या करगोट्याला.

मी पदवीधर नाही. हे आधीच सांगतो,
कारण दर जुलैत नवी पोरं मला सर म्हणतात
आणि दर ऑगस्टात काका.
शिकवतात बोरस्ते मॅडम, वर, फळ्यावर:
आपाती किरण, परावर्तित किरण, अभिलंब.
खाली माझ्याकडे येतं ते उरलेलं:
पुसायची काच, गंजून बसलेला स्क्रू,
आणि सोडियमचा दिवा,
जो लावल्या लावल्या लाजल्यासारखा गुलाबी होतो,
मग दहा मिनिटं घेतो पिवळा व्हायला.
तोवर पोरांना सांगतो, थांबा,
दिव्यालाही घसा खाकरावा लागतो.

प्रिझम फिरवा म्हणतो. एकाच दिशेने, हळू.
रेघ सरकत येते, येते,
एका जागी थबकते,
आणि फिरवणारा हात तसाच पुढे जात असताना
ती मात्र मागे वळते.
त्या थबकण्याचं नाव किमान विचलन.
दर वर्षी एक तरी पोरगं म्हणतं, काका, माझं काहीतरी चुकतंय.
नाही रे. तिचं तेवढंच असतं.

पेठहून एसटीने येते ती हेमलता भोये.
तिने दुसऱ्याच तासाला विचारलं,
न्यूटनच्या कड्यांत
भिंग काचेला जिथे टेकतं, तिथेच काळं का?
सगळ्यात जवळ तर तिथेच आहेत ना दोघं?
मॅडमनी अर्ध्या तरंगाचं गणित मांडलं.
पोरीने उतरवून घेतलं, पण मान हलवली नाही.
रात्री पंचवटीत, जेवायला बसलो तरी
माझ्या डोक्यात तेच.
वरण उतू गेलं, निळ्या ज्योतीवर सांडलं,
मिठाचा पिवळा भडकून उठला.
पाच हजार आठशे त्र्याण्णव, मी म्हणालो.
कसले, बायको म्हणाली, सिलिंडरचे?

यंदा दिवाळीनंतर
होळकर पुलावर समोरून येणाऱ्या दर गाडीला
एक कडं दिसायला लागलं,
त्याबाहेर दुसरं, फिकट.
वाटलं, चष्म्यावर गोदेचं धुकं बसलंय.
शर्टाने पुसला. मग लेन्सच्या कागदाने,
जो मी पोरांना नाकाला लावू देत नाही.
डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. पिकलाय.
मी विचारलं, नव्या लेन्सचं नाभीय अंतर किती?
ते हसले. सांगितलं नाही.

काल ग्रेटिंगचं प्रॅक्टिकल.
हेमलता दुसऱ्या क्रमापर्यंत पोचली
आणि म्हणाली, काका, बघा जरा.
मी डोळा लावला.
एक पिवळा डाग. सुजलेला, कडांना केसाळ.
एकतीस वर्षं मीच बजावत आलो:
दोन आहेत, नीट बघ,
मधे फट आहे, सहा अँगस्ट्रॉमची,
दिसेपर्यंत स्टुलावरून उठायचं नाही.

मी उठलो.
म्हणालो, तू सांग.
ती बसली. बराच वेळ नुसता पंखा वाजत होता.
दोन आहेत. एक जरा ठळक.
मधे?
मधे अंधार. बारीक आहे, पण आहे.

मी व्हर्निअरवर बॅटरी धरली,
तिने आकडे वाचले, मी लिहून घेतले.
पुन्हा वाच, असं एकदाही म्हटलं नाही.
जर्नलच्या कोपऱ्यात तिने विचारून टाकलं:
निरीक्षक म्हणून दोघांचं नाव लिहू का?
मी म्हणालो, असा रकानाच नसतो.

मंगळवारी ऑपरेशन, उजवा डोळा.
किल्ली बोरस्ते मॅडमच्या टेबलावर ठेवून आलो.
घरी पोचल्यावर आठवलं,
ते कुलूप उलटं फिरतं, हे सांगायचं राहिलं.